अडुसष्ट हिरव्या जोड्या

"चोपन्नावी जोडी! हिरवी!" तुळशीरामजी माइकवर ओरडले आणि मंडपात टाळ्या पडल्या. "वाजवा बाप्पा वाजवा, हात काही झिजत नाहीत!"

मी स्टेजच्या बाजूला टेबलाशी बसलो होतो. टेबलावर ट्रस्टचा कॉम्प्युटर आणि त्यात माझा प्रोग्राम. मुलाच्या कार्डाचा नंबर एका चौकोनात टाकायचा, मुलीचा दुसऱ्यात, आणि बटण दाबायचं. हिरवं आलं तर ट्रस्टी तुळशीरामजी माइकवर सांगायचे. लाल आलं तर मी तोंडानं काही बोलायचं नाही, हातातला पेन नुसता खाली ठेवायचा, मग ते त्या दोघांना हळूच बाजूला नेतील, असं ठरलं होतं. सकाळपासून पेन माझ्या हातातच होता.

ही सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. कोसारी हे आमचं तालुक्याचं गाव, धानाचा मुलूख, आणि त्या दिवशी तिथे समाजाचा परिचय मेळावा होता. आमच्या भागात कोणी जन्मपत्रिका पाहो न पाहो, रक्ताची पत्रिका पाहावीच लागते. सिकलसेल आहे ना. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, नसांमध्ये अडकतात, आणि माणूस हाडं धरून लोळतो. ट्रस्टनं गावोगाव रक्त तपासून प्रत्येकाला कार्ड दिलं होतं. पांढरं म्हणजे काही नाही. लाल म्हणजे आजार. पिवळं म्हणजे स्वतःला त्रास नाही, पण अंगात त्याचं बी आहे. पिवळ्याचं पांढऱ्याशी झालं तर भीती नाही. पिवळ्यानं पिवळ्याशी केलं तर पोटी लाल कार्डाचं पोर येऊ शकतं. सांभाळायचं ते एवढंच.

पण लोक एवढ्यावर थांबतात थोडेच. पोरीचं कार्ड पिवळं आहे असं नुसतं कानावर आलं की पांढऱ्या कार्डाची घरंही पाय मागे घ्यायची. म्हणून माणसं कार्ड ट्रंकेच्या तळाशी ठेवायची आणि कोणी मागितलं की 'हरवलं जी' म्हणायची. ट्रस्टच्या लॅबच्या भानारकर मॅडमनी यावर तोड काढली. कोणाचं कार्ड कोणतं हे कोणालाच कळू द्यायचं नाही, फक्त ही जोडी चालेल की नाही एवढं मशीननं सांगावं. मशीन म्हणजे मी. नागपूरला कॉम्प्युटर शिकून आलेला, ट्रस्टमध्ये दोन वर्षं नोकरीला, हेमराज.

मॅडमनी मला एक फाईल दिली. तिच्यात आठशे बारा नंबर होते, सगळे पिवळ्या आणि लाल कार्डांचे. दोघांचेही नंबर त्या यादीत सापडले तर लाल, नाही तर हिरवं. हिशोब सोपा होता. नावं नव्हती, तरी मॅडम म्हणाल्या, "ही फाईल बाहेर दिसता कामा नये. नंबरावरून माणूस हुडकायला आपल्या लोकांना चहा पिण्याएवढासुद्धा वेळ लागत नाही." म्हणून मी ती यादी प्रोग्रामच्या पोटातच बांधून टाकली. बाहेरून एकच चित्र, ते दाबायचं की सुरू. सीडीवर घालून ते मंडपातल्या कॉम्प्युटरवर उतरवलं आणि मी ऐटीत बसलो.

जेवणाच्या सुट्टीत आई मागून आली. सकाळपासून ती बायकांमध्ये फिरत होती.

"ती निळ्या साडीची पाहिली का?"

"कोणती?"

"आंधळा आहेस का बे? जिनं स्टेजवर सांगितलं, माप चुकलेलं चालत नाही म्हणून. ते पाहा, पाण्याच्या ड्रमाजवळ उभी आहे. जा, पाणी पिऊन ये."

मी पाणी प्यायला गेलो. तिचं नाव हर्षलता. सोनेगावच्या आयटीआयमध्ये ती मुलींना शिवण शिकवायची. वय सव्वीस, म्हणजे आमच्याकडे उशीरच. का उशीर झाला, हे मला विचारावंसं वाटलं नाही. मला स्वतःला सत्ताविसावं चालू होतं आणि तीन ठिकाणी नकार आला होता. आपलं कार्ड मी लपवत नव्हतो, त्याचा तो प्रसाद.

"आधीच सांगतो," मी म्हणालो, "माझं कार्ड पिवळं आहे."

तिच्या हातात ग्लास होता. तो तिनं सगळा पिऊन संपवला.

"असं पहिल्या भेटीत सांगते का जी कोणी?"

"मशीन माझंच आहे. लपवून जाऊ कुठे?"

"मग मशीनलेच विचारू," ती म्हणाली.

मंडपात तेव्हा बुंदी आणि वांग्याची भाजी चालली होती, टेबलाकडे कोणाचं लक्ष नव्हतं. तिनं नंबर सांगितला, मी माझा टाकला, बटण दाबलं. हिरवं आलं.

"पुन्हा दाबा," ती म्हणाली.

पुन्हा हिरवं.

"अजून एकदा."

"अहो, तिसऱ्यांदा दाबून निळं येणार नाही," मी हसत म्हणालो आणि दाबलं.

"मशीन खोटं तर नाही ना बोलत?"

"खोटं माणूस बोलतो. मशीन नाही."

हे वाक्य मी त्या काळात दिवसातून चारदा म्हणायचो. तिनं पदर डोळ्यांना लावला आणि धूळ किती उडून राहिली म्हणाली. धूळ होतीच, मंडप शाळेच्या मैदानात होता. मी फार खूश होतो. एवढा खूश मी त्याआधी कधी नव्हतो आणि त्यानंतरही झालो नाही, हे सांगून टाकतो.

दिवसाच्या शेवटी अडुसष्ट जोड्या विचारून झाल्या होत्या आणि अडुसष्टच्या अडुसष्ट हिरव्या. तुळशीरामजींनी मला स्टेजवर बोलावून शाल आणि नारळ दिला. "आपल्या समाजाचं रक्त शुद्ध आहे, हे आज यंत्रानं सिद्ध केलं!" असं काहीतरी ते बोलले. मला त्यात वावगं वाटलं नाही. सोमवारी दोन्हीकडची वडीलमाणसं बसली आणि पुढच्या रविवारी साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, करायचं ठरलं. आईनं त्याच दिवशी साडी आणली.

गुरुवारी दुपारी मॅडमनी मला लॅबमध्ये बोलावलं. त्यांच्या टेबलावर एक पिवळं कार्ड पडलं होतं.

"हे कोण ठेवून गेलं माहीत आहे? नरेश नावाचा पोरगा. म्हणे, मशीननं हिरवं दिलं, आता हे कार्ड मला कशाला, तुम्हीच ठेवा. मी मुलीचा नंबर विचारला. रजिस्टर काढलं." त्यांनी रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. "तीही पिवळी आहे, हेमराज."

"असं होणार नाही, मॅडम."

"झालं आहे."

मी तरातरा माझ्या खोलीत गेलो. माझ्या कॉम्प्युटरवर ते दोन नंबर टाकले. लाल आलं. मी जवळपास पळतच परत आलो. "लाल दाखवतंय! बरोबर दाखवतंय!"

"मग तुझी ती मेळाव्याची सीडी आण आणि इथे, माझ्या कॉम्प्युटरवर करून दाखव."

करून दाखवलं. हिरवं आलं.

मग मी माझाच नंबर दोन्ही चौकोनांत टाकला. माझं माझ्याशीच लग्न. पिवळ्याला पिवळा, लाल यायलाच हवं. हिरवं आलं. मॅडम चष्मा काढून माझ्याकडे पाहत होत्या. मी बटण दाबत राहिलो आणि ते हिरवं येत राहिलं.

काय झालं होतं ते मला पाच मिनिटांत कळलं. प्रोग्रामच्या पोटात बांधलेली यादी, प्रोग्राम सुरू झाला की, कॉम्प्युटरच्या एका तात्पुरत्या जागी सोडली जाते. तिला तिथे जाऊन शोधायचं असतं. माझा प्रोग्राम ती शोधत होता स्वतःच्या शेजारी, जिथून तो सुरू झाला तिथे. माझ्या कॉम्प्युटरवर मूळ यादी नेमकी शेजारीच पडलेली होती, म्हणून तिथे सापडायची. मंडपात शेजारी काही नव्हतं. शिदोरी पाठीवर बांधलेली आणि माणूस ती रस्त्यावर शोधतोय, तसला प्रकार.

"सापडली नाही तर त्यानं बोंबलायला नको?" मॅडमनी विचारलं. "बंद पडायला नको?"

मेळाव्याच्या महिनाभर आधी ट्रस्टींसमोर मी हा प्रोग्राम दाखवला होता, तेव्हा तो अर्ध्यात बंद पडला आणि पडद्यावर इंग्रजीत काहीबाही आलं. सगळे हसले. तुळशीरामजी म्हणाले होते, "काय गा, हे तर आमच्या मोटरपंपासारखंच निघालं." त्या दिवशी घरी जाऊन मी एक ओळ लिहिली. यादी सापडली नाही तर यादी रिकामी आहे असं समज आणि पुढे चाल. बंद पडू नकोस. बस. आणि रिकाम्या यादीत कोणाचाच नंबर नसतो. म्हणजे सगळे हिरवे.

"मी लोकांसमोर बंद पडू नये म्हणून..." मी म्हणालो.

"कोण, तू की प्रोग्राम?" मॅडम म्हणाल्या. मग त्यांनाच वाईट वाटलं असावं. त्यांनी मला बसायला सांगितलं.

प्रोग्रामनं एक काम मात्र चोख केलं होतं. कोणत्या वेळी कोणते नंबर विचारले, ते सगळे तो लिहून ठेवत होता. मी खऱ्या यादीशी त्या सगळ्या ओळी जुळवल्या. तीन जोड्या लाल निघाल्या. छापून मॅडमकडे दिल्या. त्या रजिस्टर घेऊन एकेक नंबर शोधायला लागल्या.

"पहिली नरेशची. ती मी पाहते, त्याच्या बापाला मी ओळखते. दुसरी, मुलगी बोरगावची, अस्मिता, देवकाबाईची पोरगी. तिसरी..." त्या थांबल्या. "ही तीनदा विचारली आहे. एक वाजून दहा मिनिटांनी, लागोपाठ तीनदा. मुलगा अकराशे सत्तेचाळीस. हा कोण?"

"मी."

बाहेर रिक्षा थांबल्याचा आवाज आला, कोणीतरी रक्त द्यायला आलं होतं. मॅडमनी त्या आलेल्या बाईला थांबायला सांगितलं.

मला काहीच वाटत नव्हतं. वाटायला हवं होतं, हे कळत होतं. दाताच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिल्यावर गाल आपला राहत नाही, तसं सगळं अंग झालं होतं.

"हेमराज, ऐक," मॅडम म्हणाल्या. "बाकी दोन जोड्यांना सांगावंच लागेल. तुझ्या जोडीचं तू ठरव. मी तोंड उघडणार नाही. आणि आता नागपूरला पोटात असतानाच तपासणी होते, तेही तुला माहीत आहे. चारात एक अशी शक्यता असते, चारही नाही. पण तिला न सांगता करशील, तर मला लग्नाची पत्रिका देऊ नकोस."

"बरं."

"बोरगावला कोण जाईल? मी जाऊ?"

"मी जातो. ओळ मी लिहिली."

रात्री मी जेवलो आणि झोपलो. मला झोप लागली, त्याची आजही लाज वाटते.

शुक्रवारी अकराच्या सुमारास मी सोनेगावला पोचलो. हर्षलताच्या वर्गात वीसेक शिवणयंत्रं होती आणि मुली बाहीला कापड कसं वळवायचं ते शिकत होत्या. मला दारात पाहून त्या एकमेकींना कोपरानं ढोसायला लागल्या. एकीनं हळूच 'जिजाजी' म्हटलं. हर्षलतानं सगळ्यांना अर्ध्या तासाची सुट्टी दिली.

"साक्षगंधाच्या आधी भेटू नये म्हणतात," ती म्हणाली. खूश होती. टेबलावर तिनं मोतिया रंगाचं कापड पसरलं होतं. "माझ्या ब्लाउजचं. साडी तुमच्या आईनं आणली, ब्लाउज मीच शिवते म्हटलं. दुसऱ्याच्या मापावर माझा भरवसा नाही."

मी उभ्या उभ्याच सांगितलं. यादी आत होती, प्रोग्रामनं बाहेर शोधली, सापडली नाही, म्हणून सगळ्यांना हिरवं दिलं. तीन जोड्या चुकल्या. त्यात एक बोरगावची, एक आपली. मॅडमनी रजिस्टर पाहिलं. सगळं मिळून दोन मिनिटं लागली असतील. ती कापडावर खडूनं आखत होती, ती आखतच राहिली. रेष पूर्ण झाल्यावर तिनं खडू ठेवला.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"माझं कार्ड पिवळं आहे हे माहीत नसेल का मला? सातवीत असताना मिळालं. तुम्ही ड्रमाजवळ आपलं सांगितलं, तेव्हाच मी मनात म्हटलं, संपलं, लाल येणार. तरी चला म्हटलं, विचारून पाहू. आणि हिरवं आलं."

"म्हणून तुम्ही तीनदा..."

"पहिल्यांदा वाटलं, तुम्ही माझ्यासाठी मुद्दाम काही केलं असेल. तुमचंच मशीन. मग वाटलं, नाही, हा माणूस तसा दिसत नाही, आपलं कार्डच चुकलं असेल. कुठल्या तरी दुसऱ्या पोरीची बाटली माझ्या नावावर गेली असेल. होते ना जी असं? मग मी ठरवलं, हेच खरं मानायचं." तिनं खडूची भुकटी हातावरून झटकली. "सोमवारी तुमचे लोक येऊन गेले, त्यानंतर मी ते कार्ड चुलीत टाकलं."

"दुसरं मिळेल," मी म्हणालो. याहून मूर्ख वाक्य मी आयुष्यात बोललो नाही.

ती हसली. खरंच हसली, तोंडावर हात ठेवून. मग तिला हसू आवरेना, आणि मग ते हसू राहिलं नाही. मी यंत्रापाशी बसून चाक मागे पुढे फिरवत राहिलो. जवळ जाऊन खांद्यावर हात ठेवावा, हे मला सुचलं होतं. हात उचलला गेला नाही.

"नागपूरला तपासतात," थोड्या वेळानं मी म्हणालो. "पोटात असतानाच. मॅडम म्हणाल्या, चारात एक. आपण ठरवलं तर..."

"आणि तो एक निघाला तर?"

मी यंत्राचं चाक थांबवलं.

"माझा दादा लाल होता," ती म्हणाली. "ते सांगितलं नव्हतं मी तुम्हाला. आमच्या घरी सांगत नाहीत. थंडी सुरू झाली की त्याची हाडं दुखायची. मी बारा वर्षांची असेन, तो सोळाचा. मी त्याला पाठीवर घेऊन उन्हात नेऊन बसवायची. एवढा हलका होता. ओरडायचा नाही. माझा खांदा चावायचा. एकोणिसाव्या वर्षी गेला." ती थांबली. "मी आईच्या तोंडून ऐकलं, सुटला म्हणून. आई म्हणाली ते. पोटची आई."

बाहेर मुलींचा आवाज वाढला होता. हर्षलता उठली, दारात जाऊन त्यांना एक सणसणीत दम दिला आणि परत आली. तिचा आवाज तोवर सरळ झाला होता.

"ती बोरगावची कोण म्हणालात?"

"अस्मिता. देवकाबाईंची मुलगी."

"तिला सांगितलं?"

"आता इथून तिकडेच जातो."

"एकटे जाऊन काय सांगाल? असंच, उभ्या उभ्या? यादी आत होती आणि बाहेर होती?" तिनं मोतिया कापडाची घडी केली आणि ते कपाटात ठेवलं. "थांबा. चपला घालते."

सोनेगाव ते बोरगाव बारा किलोमीटर. ती माझ्या मागे मोटरसायकलवर बसली होती, तोंडाला ओढणी बांधून. रस्ता खराब होता, खड्डा आला की ती माझा खांदा धरायची आणि मग सोडायची. मी चांगला रस्ता असला तरी हळू चालवत होतो. मला वाटलं, ही माझ्यासोबत आली आहे. नको असतं तर आली नसती. रविवार अजून दोन दिवस लांब होता. चारात तीन, मी मनात म्हणत होतो, चारात तीन. बोरगाव येईपर्यंत तेच म्हणत होतो.

देवकाबाई अंगणात तांदूळ पाखडत बसल्या होत्या. मला पाहून सूप टाकून उठल्या.

"या जी, या! मशीनवाले भाऊ आले वं अस्मिता! पाणी आण." मग हर्षलताकडे पाहून, "ह्या कोण?"

"मी सोनेगावची. शिवण शिकवते," हर्षलता म्हणाली.

"बसा, बाई. आमच्याकडेही शिवायचं लय पडलं आहे. पोरगा वनखात्यात लागला आहे. पक्का! एवढी वर्षं पोरीच्या कार्डापायी आम्ही मान खाली घालून राहिलो. भावाच्या लग्नालेही गेली नाही मी, कोणी विचारलं तर काय सांगू? आता घ्या म्हटलं, मशीनच बोललं!"

अस्मिता पाणी घेऊन आली. वीस-एकवीस वर्षांची होती. तिच्या हातावर मेंदी होती, कोणीतरी सरावासाठी काढलेली असावी, अर्धीच. पाणी देऊन ती दाराआड उभी राहिली.

हर्षलतानं माझ्याकडे पाहिलं. मी सांगायला लागलो. जेवढं जमलं तेवढं सोपं केलं. देवकाबाई ऐकत होत्या आणि त्यांचं तोंड हळूहळू बंद होत गेलं.

"यादी वाचलीच गेली नाही," मी म्हणालो.

"वाचली गेली नाही म्हणजे? कोण वाचणार होतं?"

"प्रोग्राम."

"आणि त्याले कोण वाचायले लावणार होतं?"

"मी."

"मग तुम्ही तिथं बसून काय करून राहिले होते दिवसभर? शाल घेऊन राहिले होते?"

दाराआड काहीतरी सरकल्याचा आवाज झाला. देवकाबाई आता मोठ्यानं बोलायला लागल्या, शेजारच्या अंगणातून दोन बायका डोकावल्या.

"मी नाही मोडत! हिरवं आलं ते आलं. सगळ्या समाजासमोर आलं. आता तुम्ही गाडीवर बसून येता न् सांगता, चुकलं म्हणे. तुमचं काय गेलं? तोंडाची वाफ तेवढी गेली. पोट्टी आमची बसली घरात! तुमच्या घरचं काही मोडलं असतं, तर समजलं असतं तुमाले!"

"मोडलं आहे, मावशी," हर्षलता म्हणाली.

ती ओट्यावरून उठली आणि दारापाशी गेली, जिथे अस्मिता उभी होती. बोलली मात्र देवकाबाईंशीच, आणि हळू, शेजारच्या बायकांना ऐकू जाणार नाही इतकं हळू.

"माझंही कार्ड पिवळंच आहे. ह्यांचंही. आमचंही त्याच मशीननं जुळवलं होतं, त्याच दिवशी. परवा साक्षगंध होतं. आज सकाळी मोडलं."

मी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत नव्हती. तिनं अस्मिताचा हात धरला होता, तो मेंदीचा.

देवकाबाईंचा आवाज एकदम उतरला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे वळल्या. त्या माझं तोंड पाहत होत्या, ही बाई खोटं तर बोलत नाही ना, हे ताडून पाहत होत्या. मी नाही म्हटलं असतं, तर त्यांनी तिच्या एका शब्दावर विश्वास ठेवला नसता.

"खरं का जी?" त्यांनी मला विचारलं.

"हाव," मी म्हणालो. "मोडलं."